“किती महिने झाले?” : इचलकरंजीची कावीळ आणि काश्मीरचे डॉ. खुरू

ज्यांना ऐकण्यापेक्षा वाचायला बरं वाटतं त्यांच्यासाठी हा भागाचा लेखी मजकूर. बोललोय तसंच ठेवलंय, फक्त मधे मधे घेतलेले चहाचे घोट काढून टाकलेत.

आजची गोष्ट सुरू होते २०१२च्या उन्हाळ्यात. माझी दहावीची परीक्षा झाली होती, निकाल यायचा होता, म्हणजे आयुष्यात करायला काहीच नव्हतं. माझी मावशी इचलकरंजीत राहायची. काकांचे यंत्रमाग होते. त्या उन्हाळ्यात इचलकरंजीत काविळीची साथ आली. साथ म्हणजे गल्लीत एखादा पेशंट असं नाही. दवाखान्यांत कॉट कमी पडल्या. पेपरात रोज आकडे यायला लागले. काकांचे डोळे पिवळे झाले तेव्हा घरात पहिला उपाय झाला तो उसाच्या रसाचा. कोल्हापूर जिल्हा आहे बाबा, दुसरं काय असणार! दुसरा उपाय, कुणीतरी सांगितलेलं झाडपाल्याचं औषध. तिसऱ्या दिवशी डॉक्टर.

मी काकांबरोबर गेलो होतो. डॉक्टरांनी काकांना तपासलं, विश्रांती घ्यायला सांगितली, दारू आणि मनाने घेतलेल्या गोळ्या बंद करायला सांगितल्या. मग विचारलं, “घरात कोण कोण आहे?” काका म्हणाले, बायको आहे, आई आहे. “बायको?” काका म्हणाले, तिला दिवस गेलेत. डॉक्टरांनी लिहायचं थांबवलं. मान वर करून विचारलं, “किती महिने झाले?”

सातवा लागला होता. डॉक्टर म्हणाले, “आज संध्याकाळच्या आत तिला इथून दुसरीकडे न्या. आणि तोवर पाणी उकळल्याशिवाय ओठाला लावू देऊ नका.” आजीने त्याच दिवशी मावशीला कोल्हापूरला आणलं.

मला तेव्हा कळलंच नाही. आजारी काका होते. मग डॉक्टर मावशीसाठी का घाबरले? हा प्रश्न डोक्यात बरीच वर्षं तसाच पडून होता. नंतर मी इंजिनिअर झालो, कोड लिहायला लागलो, आणि एका सुट्टीत सहज शोधायला बसलो. त्या डॉक्टरांच्या प्रश्नामागे कोण आहे, हे शोधत शोधत मी पोचलो थेट काश्मीरला, १९७८च्या हिवाळ्यात. एका पोटविकारतज्ज्ञाकडे. डॉ. मोहम्मद सुलतान खुरू.

आधी थोडी बाराखडी

कावीळ हा आजार नाही, ते लक्षण आहे. लिव्हर, म्हणजे यकृत, बिघडलं की रक्तातलं बिलिरुबिन नावाचं पिवळं द्रव्य साचतं. डोळे पिवळे, लघवी पिवळी. बिघाडाची कारणं अनेक. दारू, औषधं, पित्ताचा खडा, आणि विषाणू. विषाणूंमुळे लिव्हरला सूज आली की त्याला म्हणायचं व्हायरल हेपटायटिस.

डॉक्टरांना फार पूर्वीपासून दोन प्रकार दिसत होते. एक, घाणेरड्या पाण्यातून आणि अन्नातून पसरणारा. दुसरा, रक्तातून, सुईतून पसरणारा. पहिल्याला नाव पडलं ए, दुसऱ्याला बी. १९६०च्या दशकात बारूक ब्लुमबर्ग यांना बी विषाणूचा माग लागला, त्याबद्दल १९७६मध्ये नोबेल मिळालं. १९७३मध्ये अमेरिकेत ए विषाणू इलेक्ट्रॉन मायक्रोस्कोपखाली दिसला. मग रक्ताच्या चाचण्या आल्या. आणि चाचण्या आल्यावर घोटाळा झाला. रक्त चढवल्यानंतर कावीळ झालेल्या बऱ्याच लोकांमध्ये ना ए सापडला, ना बी. शास्त्रज्ञांनी त्याला नाव दिलं, “नॉन-ए, नॉन-बी.” आपण कोड लिहिताना एरर कळली नाही की “अननोन एरर” छापतो ना, तसंच हे नाव.

पण ही सगळी चर्चा रक्तातून होणाऱ्या काविळीची होती. पाण्यातून होणारी कावीळ? तिच्याबद्दल कुणाला शंकाच नव्हती. पाण्यातून झाली म्हणजे ए. विषय संपला.

१९७८, काश्मीर

नोव्हेंबर १९७८. डॉ. खुरू श्रीनगरच्या सरकारी मेडिकल कॉलेजमध्ये तरुण पोटविकारतज्ज्ञ होते. खोऱ्यातल्या खेड्यांमधून काविळीचे पेशंट यायला लागले. एक, दोन, मग रांगा. साथ एप्रिल १९७९पर्यंत चालली. खुरू यांचा नंतरचा अंदाज असा, की साधारण २०० गावं, सहा लाखांची लोकवस्ती, त्यात सुमारे ५२,००० लोकांना कावीळ झाली आणि सुमारे १,७०० माणसं गेली.

आता अशा वेळी मोठ्या हॉस्पिटलमधला डॉक्टर काय करेल? वॉर्डात येतील ते पेशंट तपासेल, आणि तेही काही कमी काम नाही. खुरू आणि त्यांचे सहकारी गावांत गेले. काश्मीरच्या थंडीत, घरोघर. कुणाला कावीळ झाली, कुणाला झाली नाही, वय काय, पाणी कुठलं पिता, घरात दुसऱ्या कुणाला नंतर झाली का, सगळं लिहून घेतलं. रक्ताचे नमुने घेतले.

इथे मला माझ्या धंद्यातली एक गोष्ट आठवते. सिस्टीम कोसळली की जो फक्त समोरची एरर बघतो तो रात्रभर चाचपडत बसतो. जो लॉग उघडतो, कुठे कोसळली आणि कुठे नाही कोसळली हे दोन्ही बघतो, त्याला कारण सापडतं. “कुठे नाही झालं” हा भाग फार महत्त्वाचा. खुरू यांच्या वहीत तो होता.

आणि त्या वहीतून काही गोष्टी दिसायला लागल्या.

पहिली गोष्ट पाण्याची. साथीतली गावं निंगली नाल्याच्या पाण्याला बांधलेली होती. त्याच नाल्यात घाण जात होती आणि त्याचंच पाणी पुढच्या गावात पिण्यासाठी वापरलं जात होतं. ज्या गावांचं पाणी वेगळं होतं, तिथे साथ फिरकली नाही.

दुसरी गोष्ट, साथ एकदाच उसळली आणि ओसरली. घरात एकाला झाली म्हणून बाकीच्यांना लागण होऊन दुसरी लाट यायला हवी होती, तशी आली नाही. ए विषाणू घरात शिरला की बऱ्याचदा एकाकडून दुसऱ्याकडे जातो. हा तसा वागत नव्हता.

तिसरी गोष्ट मला सगळ्यात भारी वाटते. आजारी कोण पडत होतं? तरुण माणसं. धडधाकट, पंधरा ते तीस-चाळीस वयातली. यात विचित्र काय? तर बघा. त्या काळच्या भारतात ए विषाणू जवळजवळ प्रत्येकाला लहानपणीच गाठायचा. लहान मुलांत तो बहुतेक वेळा गुपचूप येऊन जातो, ताप, थोडी मळमळ, आईला वाटतं काहीतरी बाधलं. पण एकदा येऊन गेला की आयुष्यभराची प्रतिकारशक्ती. म्हणजे तीस वर्षांच्या खेडूत माणसाला ए होण्याची शक्यता फारच कमी. मग या हजारो तरुणांना कसा होतोय?

उत्तर एकच उरत होतं. हा ए नाहीच.

रक्ताच्या चाचण्यांनी तेच सांगितलं. ताज्या ए संसर्गाची खूण नाही, बी नाही. पाण्यातून पसरणारा, माणसाच्या लिव्हरवर हल्ला करणारा, कुणालाच माहीत नसलेला एक वेगळा विषाणू असावा, असं खुरू यांनी १९८०मध्ये अमेरिकन जर्नल ऑफ मेडिसिनमध्ये लिहिलं. विषाणू त्यांनी बघितला नव्हता. त्यांच्याकडे तसली यंत्रं नव्हती. त्यांच्याकडे वही होती, रक्ताचे नमुने होते आणि एक गणित होतं जे जुळत नव्हतं.

पुण्याच्या फ्रीजरमधलं उत्तर

त्याच वर्षी, १९८०मध्ये, लॅन्सेट या नियतकालिकात आणखी एक लेख आला. त्यात अमेरिकेतले शास्त्रज्ञ होते आणि आपल्या पुण्याचे होते. पुण्याची राष्ट्रीय विषाणू विज्ञान संस्था, जिला कोविडनंतर आपण सगळे एनआयव्ही म्हणून ओळखतो. १९५२मध्ये व्हायरस रिसर्च सेंटर म्हणून सुरू झालेली ही संस्था. तेव्हा तिच्या प्रमुख होत्या डॉ. खुर्शेद पावरी.

या मंडळींनी जुने, साठवून ठेवलेले रक्तनमुने काढून तपासले. त्यात अहमदाबादच्या १९७५-७६च्या साथीतले होते, आणि थेट दिल्लीच्या १९५५-५६च्या साथीतलेही.

दिल्लीची ती साथ समजून घ्यायलाच हवी. पूर आला, यमुनेचा प्रवाह सरकला, आणि शहराची घाण वाहून नेणारा नजफगढ नाला उलटा फिरून वझिराबादला जिथून पिण्याचं पाणी उचलतात तिथे येऊन पोचला. अधिकाऱ्यांना कळलं, त्यांनी पाण्यात क्लोरीन वाढवलं. त्यामुळे टायफॉइडची साथ आली नाही. सगळ्यांना वाटलं, सुटलो. पुढच्या दोन महिन्यांत दिल्लीत सुमारे २९,००० लोकांना कावीळ झाली. बॅक्टेरिया मेले होते, विषाणू निसटला होता.

मधे इतके दिवस का गेले? कारण हा विषाणू शरीरात शिरल्यापासून डोळे पिवळे व्हायला साधारण पाच-सहा आठवडे लागतात. सर्व्हर आज कोसळतोय, पण चूक महिन्याभरापूर्वीच्या रिलीजमध्ये आहे, असा हा प्रकार. लोक आजारी पडून आरडाओरडा होईपर्यंत घाण पाणी वाहून गेलेलं असतं. तपासायला नमुना घ्याल तर पाणी स्वच्छ निघतं.

दिल्लीची साथ पंचवीस वर्षं पुस्तकांत “ए” म्हणून शिकवली गेली. १९८०मध्ये ते जुने नमुने नव्या चाचण्यांनी तपासले तर ए नव्हताच. म्हणजे खुरू काश्मीरच्या गावांत जे म्हणत होते, तेच पुण्या-अमेरिकेच्या प्रयोगशाळेतून दुसऱ्या वाटेने पुढे आलं. दोघांनी आपापलं टोक धरून बोगदा खणला आणि तो मधे एकत्र आला.

आणि आता कोल्हापूर

ही गोष्ट मी का सांगतोय? काश्मीर लांब आहे, दिल्ली लांब आहे. पण शोधता शोधता एक शीर्षक समोर आलं आणि मी खुर्चीत सरळ बसलो. १९८४, जर्नल ऑफ हायजीन. एनआयव्हीचे एम. ए. श्रीनिवासन आणि सहकारी. विषय, कोल्हापूर शहरातली पाण्यातून पसरलेली काविळीची साथ.

म्हणजे आपलं गाव या विषाणूच्या इतिहासात आहे, आणि तेही सुरुवातीच्या पानांवर. विषाणूला अजून नावही मिळालेलं नव्हतं तेव्हा पुण्याची माणसं कोल्हापुरात येऊन लोकांच्या रक्तात तोच प्रश्न शोधत होती, जो खुरू यांनी काश्मीरमध्ये विचारला होता. मी आजीला विचारलं, आठवतं का गं? ती म्हणाली, “कावीळ काय रं, दर दोन-चार वर्षांनी याचीच की.” बास. जगातल्या मोठ्या नियतकालिकात छापून आलेली साथ, आणि आजीच्या लेखी ती पावसासारखी येऊन जाणारी गोष्ट.

आपली नदी एकदा डोळ्यांसमोर आणा. कासारी, कुंभी, तुळशी, भोगावती आणि गुप्त सरस्वती. प्रयाग चिखलीला संगम होऊन पंचगंगा तयार होते. कोल्हापूर शिंगणापूर, बालिंगा या बाजूंनी पाणी उचलत आलं. मग शहराचं सांडपाणी घेऊन जयंती नाला नदीला मिळतो. नदी पुढे इचलकरंजीकडे जाते, आणि नृसिंहवाडीला कृष्णेत मिसळते. काठावरचं प्रत्येक गाव वरच्या गावाने सोडलेलं पितं आणि खालच्या गावासाठी आपलं सोडतं. निंगली नाल्याची गोष्ट वेगळी कुठे होती?

आता शहराला काळम्मावाडी धरणातून थेट पाइपलाइनने पाणी आणलंय. २०२३च्या दिवाळीत ते पाणी कोल्हापुरात पोचलं, तेव्हा लोकांनी फटाके वाजवले. थट्टा करू नका, ते वाजवण्यासारखंच होतं. पण पाणी वरून स्वच्छ आलं तरी गल्लीतली पाइप गटारीशेजारून जाते. नळाला पाणी नसताना त्या रिकाम्या पाइपला चीर असली, तर बाहेरचं आत ओढलं जातं. आणि नदी खालच्या गावांसाठी तशीच वाहते.

किती महिने झाले?

आता मावशीच्या प्रश्नाकडे येऊ.

काश्मीरच्या घरोघर फिरण्यात खुरू यांना आणखी एक गोष्ट खटकली. मरणाऱ्यांमध्ये गरोदर बायका खूप होत्या. तशी शंका दिल्लीतही आली होती. पण शंका वेगळी आणि आकडा वेगळा. हॉस्पिटलमधले आकडे फसवे असतात, कारण तिथे गंभीर पेशंटच येतात. गावात किती गरोदर बायका आहेत, त्यातल्या किती आजारी पडल्या, हे माहीत असल्याशिवाय काही बोलता येत नाही. खुरू यांच्याकडे गावंच्या गावं मोजलेली होती.

१९८१मध्ये त्यांनी आकडे छापले. साथीत पुरुषांपैकी २.८ टक्क्यांना कावीळ झाली. गरोदर नसलेल्या बायकांपैकी २.१ टक्क्यांना. गरोदर बायकांपैकी १७.३ टक्क्यांना. आणि कावीळ झालेल्या गरोदर बायकांपैकी २२.२ टक्के, म्हणजे पाचातल्या एकीपेक्षा जास्त, थेट लिव्हर निकामी होण्यापर्यंत गेल्या. शेवटच्या तीन महिन्यांत धोका सगळ्यात जास्त.

असं का होतं, याचं पूर्ण उत्तर विज्ञानाकडे आजही नाही. गरोदरपणात बदलणारी प्रतिकारशक्ती, हार्मोन, विषाणूचा प्रकार, यावर काम चालू आहे. पण डॉक्टरला “का” कळायच्या आधी “कोण” कळलं, की जीव वाचवता येतो. इचलकरंजीतल्या त्या छोट्या दवाखान्यात डॉक्टरांनी लिहायचं थांबवून मान वर केली ना, ती या आकड्यांमुळे. एका माणसाने तीस वर्षांपूर्वी बर्फात फिरून बायका मोजल्या होत्या, म्हणून माझ्या मावशीला त्याच दिवशी गाव सोडायला सांगितलं गेलं.

विषाणू दिसला कसा

हा भाग पटकन सांगतो, पण सांगितल्याशिवाय राहवत नाही. १९८३. सोव्हिएत शास्त्रज्ञ मिखाइल बालायन. अफगाणिस्तानातल्या सोव्हिएत सैनिकांमध्ये अशीच कावीळ पसरली होती. बालायन यांनी काय केलं असेल? रुग्णांच्या विष्ठेपासून बनवलेला अर्क स्वतः प्यायले. हो. स्वतः. ए त्यांना आधीच होऊन गेलेला होता, त्यामुळे झाली तर दुसरीच कावीळ होणार हे पक्कं. साधारण पाच आठवड्यांनी ते आजारी पडले, आणि त्यांच्या स्वतःच्या विष्ठेत मायक्रोस्कोपखाली बारीक गोल कण दिसले. घरी करून बघू नका, हे मी वेगळं सांगायला नको.

१९९० ते ९१मध्ये अमेरिकेत विषाणूचा जनुकीय मजकूर वाचला गेला आणि “हेपटायटिस ई” हे नाव रुळलं. सगळा मजकूर सुमारे ७,२०० अक्षरांचा. माझ्या या भागाच्या लेखी मजकुरात त्याहून जास्त अक्षरं आहेत! एवढ्याशा कोडने दिल्ली, काश्मीर, कोल्हापूर हलवलं.

आपल्या एनआयव्हीत पुढे डॉ. विद्या अरणकल्ले यांनी वर्षानुवर्षं याच विषाणूवर काम केलं. पुण्यातल्या लोकांच्या रक्तात वयानुसार ए आणि ई यांच्या खुणा तपासल्या. ए लहानपणीच जवळजवळ सगळ्यांना गाठतो, ई मात्र बहुतेकांना तरुण वयात भेटतो, हे त्यातून दिसलं. खुरू यांनी गावात जे गणित मांडलं होतं, ते पुण्याच्या प्रयोगशाळेत असं पक्कं झालं.

एका विषाणूवर न थांबलेला माणूस

मला वाटलं होतं, एवढा मोठा शोध लावल्यावर माणूस आयुष्यभर त्याचीच भाषणं देत फिरेल. खुरू पुढच्या प्रश्नाकडे गेले. श्रीनगरच्या शेर-ए-काश्मीर वैद्यकीय संस्थेत त्यांनी पोटविकारांचं काम केलं, पुढे ते तिथे संचालकही झाले. त्यांचे नंतरचे विषय बघा, सगळे दारातले आहेत.

एक, जंत. पोटातला जंत आतड्यातून वर सरकून पित्ताच्या नळीत शिरतो आणि भयंकर दुखतं. पाठ्यपुस्तकात हे दुर्मीळ म्हणून लिहिलेलं असायचं. खुरू यांनी सोनोग्राफी आणि एंडोस्कोपी वापरून शोधलं तर काश्मीरमध्ये पेशंटच पेशंट. १९९०मध्ये लॅन्सेटमध्ये त्यांनी ५०० रुग्णांचा अभ्यास छापला. बहुतेकांचे जंत औषधोपचारांवर आपोआप परत आतड्यात जातात, ऑपरेशनची घाई नको, हे त्यातून दिसलं.

दोन, लिव्हरमधली हायडॅटिड गाठ. कुत्रा आणि मेंढी यांच्यात फिरणाऱ्या एका जंतामुळे लिव्हरमध्ये पाण्याने भरलेली गाठ होते. मेंढपाळांच्या भागातला आजार. उपाय काय, तर पोट उघडून ऑपरेशन. खुरू यांनी ५० रुग्णांचे दोन गट केले, एकाला ऑपरेशन, दुसऱ्याला औषध देऊन सुईने गाठ रिकामी करायची. परिणाम तोडीस तोड, पण सुईवाले सरासरी चारेक दिवसांत घरी, ऑपरेशनवाले बारा-तेरा दिवसांनी.

तीन, अल्सरमधून होणारा रक्तस्राव. मोठ्या शहरांत एंडोस्कोपमधून उपचार करून रक्त थांबवतात. जिथे ती सोय नाही तिथे काय? त्यांनी २२० रुग्णांवर साधी तोंडातून घ्यायची ओमेप्राझोल तपासली, तीच आपण अॅसिडिटीला घेतो ती. नुसती दिसायला तशीच पण औषध नसलेली गोळी घेणाऱ्यांपैकी ३६ टक्क्यांना पुन्हा किंवा सतत रक्तस्राव झाला, ओमेप्राझोल घेणाऱ्यांपैकी ११ टक्क्यांना.

शेवटचे हे दोन्ही अभ्यास न्यू इंग्लंड जर्नल ऑफ मेडिसिनमध्ये छापून आले, दोन्ही १९९७मध्ये. १९९०च्या दशकातलं श्रीनगर आठवा. संचारबंदी, गोळीबार, बंद. त्या शहरातून, त्या वर्षांत, जगातल्या सगळ्यात वरच्या नियतकालिकात एका वर्षात दोन लेख. आपण नेट स्लो आहे म्हणून काम होत नाही असं सांगतो.

नंतर त्यांनी सौदी अरेबियात रियाधच्या किंग फैसल स्पेशालिस्ट हॉस्पिटलमध्येही काम केलं. पण त्यांचं नाव घेतलं की आधी काश्मीर येतं आणि काश्मीरच्या मागोमाग ई.

त्यांच्या सगळ्या कामात मला एकच सवय दिसते. दारात जो पेशंट आलाय, त्याचाच प्रश्न मोठा मानायचा. परदेशात कशावर संशोधन चाललंय ते बघून विषय निवडला असता, तर निंगली नाल्याची कावीळ “ए” म्हणूनच फाईल झाली असती.

मग अजून साथी का येतात?

चीनमध्ये डिसेंबर २०११मध्ये हेपटायटिस ई विरुद्धच्या लसीला परवानगी मिळाली. म्हणजे इचलकरंजीत साथ आली त्याच्या काही महिने आधी जगात लस होती. २०२२मध्ये दक्षिण सुदानच्या बेंतियूमध्ये विस्थापितांच्या छावणीत साथ रोखण्यासाठी ती पहिल्यांदा वापरली गेली, गरोदर बायकांनाही दिली गेली. जागतिक आरोग्य संघटनेचा अंदाज असा की २०१५ या एका वर्षात जगात सुमारे ४४,००० माणसं ई मुळे गेली. तुमच्या-माझ्या घरातल्या गरोदर बाईला मात्र सरकारी दवाखान्यात टिटॅनसची सुई मिळते, ही मिळत नाही.

आणि खरं सांगू? लस ही दुसरी पायरी आहे. पहिली पायरी खुरू यांच्या वहीत १९७८मध्येच लिहिलेली होती. घाण आणि पिण्याचं पाणी एकत्र येऊ देऊ नका. हे कळायला विषाणूचं नावही लागलं नव्हतं.

तोवर तुम्ही काय करायचं? गल्लीत एकापेक्षा जास्त काविळी दिसल्या, तर पाणी उकळून प्या, खळखळ उकळी येऊ द्या. वॉर्डात, आरोग्य केंद्रात कळवा, “आपल्याला काय करायचंय” म्हणू नका. उसाचा रस प्यायचाच असेल तर निदान त्यात रस्त्यावरचा बर्फ टाकू नका, तो कुठल्या पाण्याचा आहे ते देवाला माहीत. झाडपाल्याच्या औषधाने आधीच सुजलेल्या लिव्हरला आणखी त्रास होऊ शकतो. आणि घरात, शेजारी, भाड्याच्या खोलीत कुणी गरोदर असेल तर तिच्याकडे आधी बघा. तिला मळमळ, उलटी, गडद लघवी झाली तर “या दिवसांत असं व्हायचंच” म्हणून सोडू नका, त्याच दिवशी डॉक्टरकडे न्या.

काका दीड महिन्यात बरे झाले. मावशीला कावीळ झाली नाही. तिची मुलगी त्याच वर्षी पावसाळ्यात कोल्हापुरात जन्मली. गेल्या दिवाळीत मी तिला डॉ. खुरूंची ही गोष्ट सांगितली. ती मोबाइलवरून नजर न काढता म्हणाली, “म्हणजे दादा, त्यांनी मोजलं नसतं तर?”

मी काही बोललो नाही. आजी आतून म्हणाली, पाणी गार झालंय, कुणीतरी भरून ठेवा.

आजीच्या घरात अजून पाणी उकळूनच पितात.

भेटू पुढच्या भागात. तुमच्या गावात कावीळ, कॉलरा, प्लेग, कुठल्याही साथीची गोष्ट आजी-आजोबांकडून ऐकली असेल, तर आवाज रेकॉर्ड करून पाठवा. वर्ष आठवत नसलं तरी चालेल, पाणी कुठलं प्यायचे ते मात्र नक्की विचारा. काळजी घ्या!